उशिराचा स्नोड्रॉप लवकर फुलतो, किंवा फुलतच नाही: कारणे, ओळख आणि उपाय

स्नोड्रॉप म्हणजे बहुधा थंडी सरता सरता फुलणारे, कंदापासून येणारे छोटे पांढरे फूल. ब्रिटनमधल्या बागांत दर वसंतात ही तक्रार नव्याने येते. लेबलवर ‘उशिरा फुलणारा’ असे लिहिलेले असते. पहिल्या वर्षी मार्चच्या मध्यात छान फुले आली, दुसऱ्या वर्षी तोच कंद फेब्रुवारीतच इतरांबरोबर फुलून मोकळा झाला, आणि तिसऱ्या वर्षी तर नुसती पाने आली. लोक रोपवाटिकेला दोष देतात, हवामानाला देतात, कधी मातीला देतात. यातले प्रत्येक कारण कुठे ना कुठे खरे असते, पण तुमच्या बागेतले नेमके कारण सापडेपर्यंत केलेला उपाय वाया जातो. म्हणून आधी निदान करू.

उशिरा म्हणजे कधी?

स्नोड्रॉपचा हंगाम बराच लांब आहे. ग्रीसमधला गॅलॅन्थस रेजिने-ऑल्गे (गॅलॅन्थस हे स्नोड्रॉपचे शास्त्रीय नाव) ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच फुलतो. मुख्य गर्दी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर, म्हणजे आपल्या माघात. त्यानंतर, फेब्रुवारी सरता सरता ते मार्चअखेर जे फुलतात त्यांना उशिराचे म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड कोपऱ्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतही ते टिकतात, आणि काही वर्षी गुढीपाडव्याला परडीत घालता येतात.

पण ‘उशिरा’ ही तारीख नव्हे, रांगेतली जागा आहे. एकच कंद कॉर्नवॉलमध्ये आणि अ‍ॅबर्डीनशायरमध्ये लावला तर फुलण्यात आठवड्यांचा फरक पडतो. एकाच बागेतही दक्षिणेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी लावलेला गड्डा, म्हणजे एकत्र वाढलेल्या कंदांचा झुबका, उत्तरेकडच्या कुंपणाखालच्या गड्ड्याच्या कितीतरी आधी उघडतो. म्हणून तुलना नेहमी साध्या गॅलॅन्थस निव्हॅलिसशी करावी, आणि तीही त्याच वाफ्यातल्या. तुमचा ‘उशिराचा’ त्या निव्हॅलिसची फुले उतरणीला लागल्यावर उमलत असेल तर तो उशिराचाच आहे, मग कॅलेंडरवर १० मार्च असो की २० फेब्रुवारी. २०१८ च्या मार्चच्या सुरुवातीसारखा बर्फ आला की सगळीच रांग मागे सरकते. उबदार हिवाळ्यात पुढे येते. रांगेतला क्रम मात्र सहसा मोडत नाही.

पहिल्या वर्षाचे फूल खोटे बोलते

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. स्नोड्रॉपचा कंद कोरडा राहिला की सुकतो आणि त्याची मुळे उशिरा सुटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गार्डन सेंटरमधून कोरडे कंद आणून लावले, की जमिनीतल्या कंदांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरकलेले मुळांचे काम ते तेव्हा कुठे सुरू करतात. साहजिकच फूल दोन-तीन आठवडे मागे पडते. मालक खूश होतो, की उशिराचा मिळाला. पुढच्या वर्षी कंद जमिनीत रुळलेला असतो आणि आपल्या खऱ्या वेळेला फुलतो. बिघडले काहीच नाही. पहिले वर्षच अपवाद होते.

याच्या उलटही घडते. रोपवाटिकेच्या थंड काचघरात वाढवलेली कुंडी फेब्रुवारीत फुललेली विकायला येते. तीच बाहेर जमिनीत गेल्यावर पुढच्या वर्षी मार्चमध्ये फुलते.

म्हणून नियम सोपा ठेवा: लावल्यापासून पहिल्या हंगामाची तारीख कुठेही नोंदवू नका. दुसरा आणि तिसरा हंगाम पाहूनच जातीबद्दल मत बनवा. कंद हलवला, गड्डा फोडला, तरी हे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तो स्नोड्रॉप आहे ना?

एप्रिलमध्ये फुलणारा, गुडघ्याएवढा उंच, एका दांड्यावर चार-पाच फुले असलेला ‘स्नोड्रॉप’ कुणी दाखवला, तर तो स्नोड्रॉप नाही. तो ल्युकोजम इस्टिव्हम, इंग्रजीत समर स्नोफ्लेक. नाव ‘समर’ असले तरी फुलतो एप्रिल-मे महिन्यांत. ससेक्समधल्या ग्रेव्हटाय मॅनरच्या नावाचा ‘ग्रेव्हटाय जायंट’ हा त्यातला मोठा प्रकार बागांत सगळीकडे दिसतो. त्याचा भाऊ ल्युकोजम व्हर्नम फेब्रुवारी-मार्चमध्ये, अगदी स्नोड्रॉपच्या जोडीने फुलतो, दांड्यावर बहुधा एकच फूल देतो आणि त्यामुळे जास्त फसवतो.

फरक ओळखायला फूल हातात घेऊन खालून आत बघा. ल्युकोजमच्या सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवा किंवा पिवळसर ठिपका असतो. फूल घंटेसारखे, खरे तर दिव्याच्या छत्रीसारखे दिसते. स्नोड्रॉपच्या बाहेरच्या तीन पाकळ्या लांब, आतल्या तीन आखूड. आतल्यांच्या टोकाला खाच असते आणि हिरवी खूण तिच्याभोवती असते. बाहेरच्या पाकळ्या पंखांसारख्या उघडतात, आतल्या मिळून छोटा पेला करतात. एवढे पाहिले की चूक होत नाही.

ओळख: फुलाआधी पान

बहुतेक लोक फक्त हिरवी खूण बघतात. खूण महत्त्वाची आहेच, पण तिच्यात फरक फार पडतो. एकाच गड्ड्यात, एकाच वर्षी, दोन फुलांच्या खुणा थोड्या वेगळ्या निघतात. मूळ जात कळते ती पानाच्या बुडातून, आणि ते बघायची उत्तम वेळ म्हणजे कोंब जमिनीतून चार-पाच सेंटीमीटर वर आला असतानाची. गुडघे टेकून, माती बोटाने थोडी बाजूला सारून, पाने जिथून निघतात तिथे बघा. तीन प्रकार दिसतील.

पहिला: दोन्ही पाने नमस्काराला जोडलेल्या तळव्यांसारखी एकमेकांवर सपाट टेकलेली. पाने अरुंद आणि निळसर-राखाडी असतील तर तो निव्हॅलिस.

दुसरा: पाने तशीच समोरासमोर, पण प्रत्येकीच्या दोन्ही कडा मागे मुडपलेल्या, टीप मारण्याआधी शिंपी कापडाची कड दुमडतो तशा. हा प्लिकॅटस. पान मोठे झाल्यावरही बुडाशी ही दुमड बोटाला लागते, मधोमध फिकट पट्टा दिसतो. उशिराच्या जाती शोधणाऱ्याने ही दुमड बोटाने चाचपायची सवय लावून घ्यावी, कारण उशिराच्या कितीतरी चांगल्या प्रकारांत प्लिकॅटसचे रक्त आहे. क्रिमिया, रुमानिया आणि वायव्य तुर्कस्तान ही त्याची मूळ भूमी.

तिसरा: एक पान दुसऱ्याला सुरळीसारखे कवेत घेते. पान रुंद आणि राखाडी असेल तर एल्वेसी. हेन्री जॉन एल्वीस यांना तो १८७४ मध्ये स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीरजवळ दिसला. ग्लॉस्टरशरमधल्या त्यांच्या कोल्सबोर्न पार्कमध्ये आजही स्नोड्रॉपचा मोठा संग्रह आहे. पान रुंद पण चकचकीत हिरवे, राखाडीची छटा नाही, असे असेल तर व्होरोनोव्ही किंवा इकारिए. या दोघांत गल्लत नेहमीची. व्होरोनोव्हीच्या आतल्या पाकळीवरची खूण लहान, टोकापुरती असते. इकारिएची मोठी, पाकळीचा अर्धा भाग किंवा त्याहून जास्त व्यापणारी. फुलतोही इकारिएच उशिरा. बाजारात ‘इकारिए’ म्हणून मिळणारे कंद पुष्कळदा व्होरोनोव्हीच निघतात, म्हणून खूण मोजल्याशिवाय लेबल मान्य करू नका.

संकरांत हे प्रकार मिसळतात. निव्हॅलिस आणि प्लिकॅटसच्या संकरात कडेची दुमड असते, पण अर्धवट: कधी एकाच बाजूला, कधी फक्त बुडाशी. ही अर्धवट दुमड दिसली की संकर समजावा.

पान झाले की खुणेकडे वळा. आतल्या पाकळीवर खूण एक की दोन? फक्त टोकाशी एक असेल तर निव्हॅलिस, साधा प्लिकॅटस किंवा एल्वेसीचा एकखुणी उपप्रकार मोनोस्टिक्टस. टोकाशी एक आणि बुडाशी दुसरी असेल तर एल्वेसी, किंवा प्लिकॅटसचा बायझँटिनस हा उपप्रकार. या दोघांना पानाची सुरळी की दुमड हा प्रश्न लगेच वेगळे करतो. हे पाहायला बाहेरची एक पाकळी हलकेच वर उचला. थंडीत ती मिटलेली असते. हवेचा पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की आपोआप पसरते. सकाळच्या गारठ्यात केलेली ओळख आणि दुपारच्या उन्हात केलेली ओळख जुळत नाही, ती याच कारणाने. फुलाचा आकार नोंदवायचा तर दुपारी नोंदवा. घाई असेल तर एक फूल तोडून दहा मिनिटे खोलीत पाण्यात ठेवा, ते उघडते.

उशिराच्या काही जाती, जिथे गोंधळ होतो

‘स्ट्रॅफन’वर जरा थांबू, कारण त्याच्यामुळे लोक नाहक घाबरतात. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातल्या स्ट्रॅफन हाउसमधून तो आला. क्रिमियन युद्धाहून परतताना लॉर्ड क्लॅरिना यांनी आणलेला प्लिकॅटस आणि तिथला निव्हॅलिस यांच्या आपोआप झालेल्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो निपजला, असे मानले जाते. चांगला पोसलेला कंद दोन दांडे काढतो. पहिला उंच, आणि तो उतरू लागल्यावर दुसरा, थोडा ठेंगणा. त्यामुळे गड्ड्यात एकीकडे सुकलेली फुले आणि दुसरीकडे नव्या कळ्या दिसतात, आणि मालकाला वाटते की दोन जाती मिसळल्या. खात्री करायची तर एकच कंद निवडा आणि दोन्ही दांडे पानांच्या त्याच जोडीतून निघतात का ते बघा. निघत असतील तर मिसळ झालेली नाही. उलट, दुसरा दांडा येणे बंद झाले तर गड्डा दाटला आहे किंवा उपाशी आहे, हे समजावे; यापेक्षा स्पष्ट इशारा दुसरी कुठली जात देत नाही.

‘वॉरम’ हाही क्रिमियातून आलेल्या प्लिकॅटसचा जुना, रुंद पानांचा प्रकार, नॉरफोकमधल्या वॉरम गावाच्या नावाचा. त्याची अडचण अशी की प्लिकॅटस बियांनी स्वतःच पसरतो, आणि त्याच्या नावाखाली त्याची पोरे-बाळेही विकली जातात.

दुहेरी फुलांत हेरिक ग्रेटोरेक्स यांच्या जाती आहेत. १९४० च्या दशकापासून नॉरविचजवळच्या विटनमध्ये त्यांनी प्लिकॅटसवर दुहेरी निव्हॅलिसचे, म्हणजे ‘फ्लोअर प्लेनो’चे पराग वापरून संकर केले आणि त्यांतल्या बहुतेकांना शेक्सपिअरच्या पात्रांची नावे दिली: ‘ओफेलिया’, ‘हिप्पोलिटा’, ‘जॅकेनेटा’, ‘डेस्डेमोना’, ‘कॉर्डेलिया’. फुले सुरेख आहेत, पण त्यांना एकमेकींपासून वेगळे करणे हे अनुभवी लोकांनाही जड जाते. ‘हिप्पोलिटा’चा आतला गुच्छ नेटका, गोल, घट्ट असतो, तेवढे बऱ्यापैकी भरवशाचे. बाकीच्यांत आतल्या पाकळ्यांची संख्या कंदाच्या ताकदीनुसार बदलते, म्हणून फक्त मोजणी करून नाव ठरवू नये. लेबल हरवलेला दुहेरी गड्डा असेल आणि पानाला अर्धी दुमड असेल, तर ‘ग्रेटोरेक्स दुहेरी, नाव अज्ञात’ असे प्रामाणिक लेबल लावावे. चुकीचे नाव दहा बागांत पोचण्यापेक्षा ते बरे.

‘एस. आर्नॉट’ला काही ठिकाणी उशिराचा म्हणतात, तो खरे तर मधल्या हंगामाचा. मधासारखा वास, उंच दांडा, गोलसर भरीव फूल. तो फेब्रुवारीच्या मध्यात फुलला म्हणून तक्रार करू नये.

एकाच गड्ड्यात दोन वेळा फुले

स्ट्रॅफनचा दुसरा दांडा नसेल, तर गड्ड्यात खरोखरच मिसळ झाली आहे. कारण बहुधा बी. स्नोड्रॉपच्या बीला एक तेलकट शेपूट असते, मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात आणि शेजारच्या गड्ड्यात टाकतात. तीन-चार वर्षांनी ते रोप फुलते, आणि ‘वॉरम’च्या गड्ड्यातून कुणीतरी वेगळेच डोके वर काढते. शेजारी लवकर फुलणारी एखादी जात असेल तर उशिराच्या गड्ड्यात लवकरची फुले दिसण्याचे हेच कारण.

उपाय दोन टप्प्यांत. फुले असतानाच वेगळ्या दांड्यांना बुडाशी रंगीत लोकरीचा धागा सैल बांधा. पाने हिरवी असतानाच, फुले सरल्यावर, सगळा गड्डा खणून काढा, बादलीभर पाण्यात माती धुवा आणि धागा बांधलेले कंद अलग करा. धागा बांधला नाही तर पाण्यात सगळे कंद सारखेच दिसतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

पुढे मिसळ होऊ नये म्हणून नावाच्या जाती पाणवनस्पतींसाठी मिळणाऱ्या जाळीच्या टोपलीत लावून टोपली जमिनीत काठापर्यंत पुरावी. ११ सेंटीमीटरची टोपली तीन कंदांना पुरते. मुळे जाळीतून बाहेर जातात, कंद आतच राहतात, आणि खणताना कुदळीने चिरले जात नाहीत. शिवाय फूल सुकल्यावर देठाखालची हिरवी गोळी, म्हणजे बीजकोष, नखाने खुडून टाकावी. फक्त गोळी खुडा. दांडा हिरवा आहे तोवर तो कंदासाठी अन्नच तयार करतो. एप्रिलअखेर गोळी फुगून जमिनीवर टेकते, मग पिवळी पडून फुटते. त्याच्या आत हे काम झाले पाहिजे.

पाने भरपूर, फूल नाही

उशिराच्या जातींना हा त्रास लवकरच्यांपेक्षा जास्त होतो, आणि त्याचे कारण साधे आहे. पुढच्या वर्षाची कळी कंदात तयार होते ती यंदाची पाने वाळता वाळता, उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्यासाठीचे अन्न मिळवायला पानांना फुलानंतर किमान सहा आठवडे उजेड आणि ओल लागते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फुललेल्या निव्हॅलिसला ते एप्रिलच्या आतच मिळते, झाडांना पालवी फुटण्याआधी. २० मार्चला फुललेल्या जातीची पाने मेच्या मध्यापर्यंत काम करत असतात. तोवर वर झाडाची सावली दाटते, बाजूला होस्टा आणि जेरेनियम पसरतात, आणि हिरवळीवर कापणीयंत्र फिरायला लागते.

म्हणून पहिला प्रश्न: पाने कधी कापली? हिरवळीत उशिराच्या जाती असतील तर तो तुकडा जूनपर्यंत कापू नये. पानांच्या गाठी मारणे, वेणी घालणे, रबर लावणे, हे सगळे कापण्याइतकेच वाईट.

दुसरा प्रश्न: गड्डा किती वर्षे हलवला नाही? तीन-चार वर्षांत कंद एकमेकांना चेपायला लागतात. खणून बघितले तर थर दिसतात: वर लहान लहान कंद, खाली जुने, चपटे झालेले. गड्डा असा फोडा. फुले उतरली आणि पाने हिरवी आहेत अशा वेळी, उशिराच्या जातींसाठी बहुधा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, गड्ड्यापासून १० सेंटीमीटर लांब काटेफावडे खोल घाला आणि अख्खा गड्डा उचला. बोटांनी सोडवा, ओढू नका. मुळे तुटली तर ती त्या हंगामात पुन्हा फुटत नाहीत. मोठे कंद तीन-तीन करून ८ ते १० सेंटीमीटर खोल लावा. पानाच्या बुडाचा पांढरा भाग जिथे हिरवा होतो ती रेघ जमिनीच्या पातळीला आली की खोली बरोबर. दोन जुड्यांत १५ सेंटीमीटर अंतर. लगेच पाणी द्या, आणि तो महिना कोरडा गेला तर आठवड्यातून एकदा पुन्हा. उघडे कंद दुपारभर उन्हात पडू देऊ नका, ओल्या पोत्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा.

तिसरा प्रश्न खताचा. नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि रोगाला बळी पडतात. वाफ्यात शरद ऋतूत चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅम हाडांची भुकटी आणि फेब्रुवारीत १५ ते २० ग्रॅम पोटॅशियम सल्फेट एवढे पुरे. कुंडीत मात्र फूल सुकल्यापासून पाने पिवळी पडेपर्यंत दर दोन आठवड्यांनी टोमॅटोचे द्रवखत अर्ध्या ताकदीने द्यावे. ताजे शेणखत कंदाला लागू देऊ नये.

लंडनच्या चिकणमातीत आणखी एक अडचण येते: हिवाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात माती विटेसारखी तडकते. नुसती वाळू घालून ती सुधारत नाही. कुजलेल्या पानांचे खत बादलीभर आणि खडबडीत ग्रिट (बारीक खडी) अर्धी बादली, चौरस मीटरला, वरच्या २० सेंटीमीटरमध्ये मिसळा. कुंडीसाठी मिश्रण: मातीयुक्त कंपोस्ट, म्हणजे जॉन इनेस क्रमांक दोन, दोन भाग, पानांचे खत एक भाग, ग्रिट एक भाग.

कुंड्यांबद्दल इथल्या मराठी घरांसाठी वेगळे सांगायला हवे, कारण जुलै-ऑगस्टच्या सुटीत घर भारतात जाते. कंद झोपलेला असला तरी तो पार कोरडा झालेला चालत नाही, आणि काळी प्लॅस्टिकची कुंडी फरशीवर उन्हात तापली की आत कंद शिजतो. निघण्याआधी कुंड्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी, जमिनीत किंवा ओल्या वाळूच्या खोक्यात अर्ध्यापर्यंत पुरून ठेवा.

कंदच नाहीसा झाला

मोठी नार्सिसस माशी, मेरोडॉन इक्वेस्ट्रिस, हा उशिराच्या जातींचा खरा शत्रू. ती भुंग्यासारखी केसाळ दिसते, मे ते जुलैमध्ये उन्हाच्या दिवशी जमिनीलगत उडते आणि पिवळ्या पडत चाललेल्या पानांच्या बुडाशी अंडी घालते. उशिराच्या जातींची पाने नेमकी तेव्हाच त्या अवस्थेत असतात. एका कंदात बहुधा एकच अळी, मळकट पांढरी, पण ती आतला सगळा गर खाऊन टाकते. पुढच्या वसंतात गवतासारखी बारीक पाने येतात किंवा काहीच येत नाही. शंका आली तर कंद अंगठ्याने दाबा: भरलेला कंद कांद्यासारखा टणक लागतो, पोखरलेला दबतो. दबलेला कंद कापून अळी मारा, कंपोस्टमध्ये टाकू नका. मौल्यवान गड्ड्यांवर मेच्या सुरुवातीपासून जुलैअखेर बारीक कीटकजाळी ताणून कडा मातीत पुरा. पाने वाळताच उरलेली भोके पंजाने माती ओढून बुजवा. पातळ सावलीतल्या गड्ड्यांकडे माशी कमी जाते.

पानांची टोके भाजल्यासारखी तांबूस-तपकिरी होऊन रंग खाली सरकत असेल तर स्टॅगोनोस्पोराची बुरशी. कोंब वर येतानाच आखडलेला आणि राखाडी लवेने माखलेला असेल तर बोट्रायटिस गॅलॅन्थिना; ती ओल्या, उबदार हिवाळ्यात जास्त. दोन्हींत बाधित कंद भोवतालच्या मातीसकट काढून कचऱ्यात द्या, त्या जागी काही वर्षे स्नोड्रॉप लावू नका, आणि खुरपे दुसऱ्या गड्ड्याला लावण्याआधी स्पिरिटने पुसा. हिमाने दांडे जमिनीवर लोळले असतील तर तो रोग नव्हे. पारा चढला की ते पुन्हा ताठ होतात.

उशीर टिकवायचा असेल तर जागा

मार्चमधल्या उन्हात पारा १५ अंशांवर गेला की फूल आठवड्यात संपते. गारव्यात तेच तीन आठवडे राहते. त्यामुळे उशिराच्या जाती भिंतीच्या पायथ्याशी किंवा फरशीच्या कडेला लावू नयेत. उत्तर किंवा पूर्व उतार, पानझडी झुडपांच्या बाहेरच्या कडेची जागा, जिथे मेपर्यंत थोडा उजेड पोचतो, ती उत्तम. सदाहरित झाडांखालची कोरडी सावली टाळा. माती तटस्थ किंवा किंचित अल्कधर्मी हवी. फार आम्ल असेल तर बागेचा चुना थोडा घालावा.

एकच मौल्यवान कंद असेल आणि तो वाढवायचा असेल, तर जून-जुलैत, पाने वाळल्यावर, कंदाची बाहेरची कोरडी साल काढून त्याच्या उभ्या चिरा करतात, मध्यम कंदाच्या आठ. प्रत्येक चिरेला बुडाच्या चकतीचा तुकडा हवाच, तो नसेल तर ती चीर सडते. सुरी दरवेळी स्पिरिटने पुसायची. चिरा बुरशीनाशकात बुडवून, मापाने १० भाग व्हर्मिक्युलाइटला (ओल धरून ठेवणारे हलके खनिज) १ भाग पाणी अशा ओलसर मिश्रणात पिशवीत घालून, अंधारात २० अंशांवर सुमारे १२ आठवडे ठेवायच्या. पापुद्र्यांमध्ये मोत्यासारखे बारीक कंद धरतात. दर आठवड्याला पिशवी बघा, बुरशी आलेली चीर लगेच काढा. फूल यायला तीन-चार वर्षे लागतात.

पुण्याला नेता येईल का?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. नेऊ नये. कळी कंदात तयार असली तरी दांडा लांबायला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते, आणि ती पुण्यातच काय, महाबळेश्वरलाही पुरेशी मिळत नाही. फ्रीजमध्ये ठेवून एखादे वर्ष फूल काढता आले तरी त्यानंतर एप्रिलच्या उन्हात पाने लवकर करपतात आणि कंद उपाशी मरतो. शिवाय गॅलॅन्थसच्या सगळ्या प्रजाती १९९० पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. कंद सीमेपार न्यायला परवाना लागतो, आणि भारतात उतरताना वनस्पती संगरोधाची कागदपत्रे. कंद विषारी असतात, हेही विसरू नये: कांद्या-लसणाच्या टोपलीजवळ ते कधीच ठेवू नयेत, आणि गड्डे फोडून झाल्यावर हात धुवावेत.

नोंद कशी ठेवावी

लेबल हरवणे हे चुकीच्या नावाचे सर्वांत मोठे कारण. पक्षी लेबले उपटतात, शाई दोन हिवाळ्यांत जाते. मऊ पेन्सिलीने लिहिलेले अ‍ॅल्युमिनियमचे लेबल वर्षानुवर्षे वाचता येते. एक वर खोचा आणि त्याची जुळी प्रत टोपलीच्या तळाशी, कंदाखाली पुरा. वहीत दर गड्ड्यासमोर चार गोष्टी लिहा: पहिले फूल पूर्ण उघडल्याची तारीख, त्याच दिवशी शेजारच्या निव्हॅलिसची अवस्था, पानाच्या बुडाची घडी, आणि आतल्या पाकळीच्या खुणेचे पेन्सिलीने काढलेले चित्र. फोटोपेक्षा चित्र जास्त उपयोगी पडते, कारण ते काढताना खूण खाचेच्या किती वर संपते हे बघावेच लागते.